थेरपीचं पहिलं सेशन: तिथे नक्की होतं काय?

बर्नआउटवरच्या भागानंतर तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच होता. "जायचंय रे, पण तिथे नक्की होतं काय?" मी गेले आठ महिने पुण्यात एका प्रायव्हेट प्रॅक्टिस करणाऱ्या थेरपिस्टकडे जातोय, म्हणून आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. तेवढं लक्षात ठेवून ऐका.

मी का गेलो ते थोडक्यात. टीममधली माणसं कमी झाली, ऑन-कॉलची पाळी आठवड्याआड यायला लागली. मग फोन वाजला नाही तरी रात्री तीनला जाग यायची आणि छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे तुझं. आता काउन्सेलरला भेट."

तर आधी पाटी वाचायला शिकू. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहून देतात. सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, आणि त्या नोंदणीच्या नंबराला सीआरआर नंबर म्हणतात. तो बिनधास्त विचारा. काउन्सेलर असतील तर शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. इन्स्टावर फॉलोअर्स किती आहेत यावरून मात्र काही कळत नाही.

पैशांचंही फोनवरच बोलून घ्या. मी एका सेशनचे १,५०० देतो, सेशन ५० मिनिटांचं. २४ तास आधी न कळवता रद्द केलं तर फी द्यावीच लागते. परवडत नसेल तर "फी कमी होऊ शकेल का?" असं विचारता येतं, बरेच जण काही जागा त्यासाठी ठेवतात. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, २०१७ म्हणतो की विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण आपल्या बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे दर आठवड्याचं सेशन त्यात बसेलच असं नाही. आपल्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते बघा. कंपनीतर्फे काही फ्री सेशन्स मिळतात का, तेही एचआरला विचारा.

आता पहिलं सेशन. माझ्या डोक्यात सोफा आणि रडणं असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात प्लास्टिकची खुर्ची आणि एक फॉर्म. झोप किती, जेवण कसं, दारू-सिगरेट, आधीची आजारपणं, घरात कुणाला असा त्रास होता का, चालू गोळ्या, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा. मॅडमनी "अरे-तुरे चालेल ना?" विचारून घेतलं आणि मग सरळ प्रश्न टाकला, "जीव नकोसा झालाय, संपवावंसं वाटतंय, असे विचार येतात का?" मी हबकलोच. हा प्रश्न पहिल्या भेटीत साधारण सगळ्यांनाच विचारतात. तो आला म्हणजे तुमची केस गंभीर आहे असं नाही. उत्तर "हो" असेल तर "हो"च सांगा. त्याने लगेच कुणी तुम्हाला दवाखान्यात डांबत नाही, आधी आणखी प्रश्न विचारतात आणि पुढचं तुमच्याशी बोलून ठरवतात.

गुप्ततेचं पण तेव्हाच स्पष्ट होतं. तुम्ही बोललेलं आईला, बॉसला, बायकोला सांगितलं जात नाही. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, कारण ती कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हे आपणहून सांगितलं नाही तर विचारा.

त्या दिवशी सल्ला एकही मिळाला नाही. "जॉब सोडू का?" या प्रश्नासाठी तर मी गेलो होतो! मॅडम म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही." बाहेर आलो तेव्हा खरं सांगायचं तर पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

आणि आता या "वाटलं" शब्दाबद्दल, कारण आमची दोन-तीन सेशन्स यातच गेली. मराठीत विचारालाही "वाटलं" आणि भावनेलाही "वाटलं". मॅडम विचारायच्या, "तेव्हा काय वाटलं?" मी म्हणायचो, "मला वाटलं, मॅनेजरने प्लॅनिंग नीट केलं नाही." त्या म्हणायच्या, "हा विचार झाला. वाटलं काय?" मी गप्प. शब्दच सापडेना. टेन्शन, एवढा एकच. मग हळूहळू जीव घाबरा होणं, धास्ती, चिडचिड, लाज हे सगळं वेगवेगळं निघालं. आणि रात्री तीनच्या धडधडीत धास्तीपेक्षा लाज जास्त आहे, हे पाचव्या सेशनला कळलं. टीममधले दोघं गेले आणि मी राहिलो, याची लाज. हे मला इंग्लिशमध्ये बोलताना सापडलं नसतं. म्हणून माझं मत असं की ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता, त्या भाषेत बोलणारा थेरपिस्ट मिळत असेल तर तोच घ्या.

तीन-चार सेशन्सनंतरही सूर जुळला नाही तर तसं तोंडावर सांगा. "मला याचा उपयोग होतोय असं वाटत नाही," एवढं पुरतं. कधी पद्धत बदलते, कधी तेच दुसऱ्या कुणाचं नाव देतात. पण जी व्यक्ती गुपचूप उपाय सांगते, धर्म-जात-लग्नावरून शेरे मारते किंवा सेशनबाहेर सलगी करते, तिच्याकडे परत जायचं नाही. तिथे समजावत बसू नका.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी एक जुगाड. टू बीएचकेत पाच माणसं असतील तर बंद दाराआडही मोकळं बोलता येत नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसतो, काचा वर, इअरफोन लावून. वॉचमनकाकांना वाटतं माझी गर्लफ्रेंड आहे. वाटू दे.

झोप आता बरी आहे, पण ऑन-कॉलच्या आठवड्यात अजून जाग येते. जॉबचं ठरलेलं नाही.

आणि ज्यांना आत्ता, आज रात्रीच कुणाशी तरी बोलायची गरज आहे, त्यांनी अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानस, नंबर १४४१६. सरकारी आहे, फ्री आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीतही बोलतात. पुढच्या भागात गोळ्यांवर बोलू, तेव्हा एक सायकियाट्रिस्ट पाहुण्या असतील. त्यांच्यासाठी प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल.