उपग्रहावरचा ‘गंधर्व’

चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत. मध्ये जाहिरात नाही की खरखर नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘वर्ल्डस्पेस’ या उपग्रह रेडिओ कंपनीच्या ‘गंधर्व’ वाहिनीने हे सुख घरोघरच्या रसिकांना दिले. मराठी गाण्यांसाठीही स्वतंत्र वाहिनी होती.

इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये ही कंपनी स्थापन केली. आफ्रिका आणि आशियातल्या, रेडिओ केंद्रांपासून दूर राहिलेल्या माणसांपर्यंत पोहोचायचे, हा त्यांचा ध्यास होता. १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे त्यांचे उपग्रह अवकाशात गेले.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर आडवा आला की केंद्र हरवते. एशियास्टार मात्र विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे तो आकाशात एकाच जागी स्थिर भासे. स्टुडिओतला आवाज अंकांत बदलून, आटोपशीर करून, कुलूपबंद स्वरूपात वर पाठवला जाई. उपग्रह तो एल-बँडवर, म्हणजे सुमारे दीड गिगाहर्ट्झवर, खाली सोडी. एवढा प्रवास पाव सेकंदात होई. वर्गणी भरलेल्या रेडिओ संचातच कुलूप उघडे.

संचासोबत छोटा चपटा अँटेना येई. मुंबई-पुण्यात तो आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर रोखावा लागे. अंशभर इकडेतिकडे सरकवत संचावरची सिग्नलची पट्टी भरली, की तानपुरा स्वच्छ ऐकू येई. खिडकीसमोर झाड किंवा इमारत असली, तर मात्र सारी मेहनत वाया.

इथेच खरी मेख होती. अमेरिकेत ‘एक्सएम’ आणि ‘सिरियस’ या उपग्रह रेडिओ कंपन्यांनी शहरांत जमिनीवरून तेच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे उभारली, म्हणून त्यांचा रेडिओ चालत्या मोटारीत टिकला. आपल्याकडे तशी केंद्रे नव्हती, त्यामुळे उपग्रह रेडिओ खिडकीपाशीच अडकला. २००८ मध्ये वर्ल्डस्पेसने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ संपताना भारतातली सेवा थांबली.

तंत्र खोटे नव्हते. हिशेब जमला नाही. म्हणूनच चोवीस तास शास्त्रीय संगीत ऐकवण्याचे काम सार्वजनिक प्रसारणाचे आहे. २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीत वाहिनी डीटीएचवर आणि मोबाइलवर आहे. ती आवर्जून ऐका. श्रोते असतील, तरच ती टिकेल.