सात महिने वाळवंटात मुक्काम! ॲरिझोनातलं हे गाव हिवाळ्यात का भरतं?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या क्वार्टझसाईटची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार अवघी २,४१३. हिवाळ्यात मात्र आजूबाजूचं वाळवंट आरव्हींनी, म्हणजे चाकांवरच्या घरांनी भरून जातं.

नियम काय?
ला पोसा या सरकारी जागेत परवाना घेऊन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. अनेक वर्षं हंगामाचं शुल्क १८० डॉलर होतं.

अडचण कुठे येते?
वीज सोलर पॅनलवर भागते. पाणी मात्र टाकीत असेल तेवढंच. सांडपाण्याची टाकी भरली की डंप स्टेशन गाठावं लागतं.

राहतं कोण?
थंडी चुकवणारे निवृत्त लोक, तसेच घरभाडं न परवडणारेही. या दुसऱ्या गटासाठी ही सहल नाही. एप्रिलनंतर पुन्हा प्रश्न तोच: आता गाडी कुठे लावायची?