घरातल्या सगळ्यांनी मिळून धावायचं तर...

थंडी सुरू झाली की महाराष्ट्रातल्या शहराशहरांत दौडीचे फलक दिसू लागतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, तर मुंबईची २००४ पासूनची. त्यांचं पाहून आता तालुक्याच्या गावांतही एखाद्या रविवारी किंवा २६ जानेवारीच्या सकाळी ३, ५, १० किलोमीटरच्या दौडी होतात. आपल्या मोहल्ल्यातली तरुण मुलं त्यांत जातात, मेडल गळ्यात घालून फोटोही काढतात. पण अम्मी, बहीण, फुफी, दादी मात्र घरीच असतात. त्या धावू शकतात हे कुणाच्या मनातच येत नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसं. आम्हाला एक गोष्ट दरवर्षी दिसते. पाचवीत जी मुलगी मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळत असते, तीच आठवी-नववीत पी.टी.च्या तासाला भिंतीला टेकून बसलेली असते. तिला कुणी बंदी घातलेली नसते. फक्त "आता मोठी झाली" एवढं एक वाक्य घरात फिरत असतं. दुसरीकडे तिची अम्मी पस्तिशी-चाळिशीतच शुगरच्या गोळ्या घेऊ लागलेली असते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपली घरं त्यातून सुटलेली नाहीत.

घरातल्या सगळ्यांनी मिळून एका सकाळी धावायला जाणं, हा यावरचा एक सोपा आणि आनंदाचा मार्ग आहे. अब्बू सोबत असतील तर मुलीला संकोच वाटत नाही आणि मुलगी सोबत असेल तर अम्मीचाही पाय घराबाहेर पडतो. ते कसं जमवायचं, हे इथे सांगत आहोत.

अंतर किती घ्यावं?

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, अर्धी म्हणजे साधारण २१.१ किलोमीटर. हे अंतर अनेक महिने सराव केलेल्यांसाठी आहे. कुटुंबासाठी ३ किंवा ५ किलोमीटर पुरेसे. मुंबईच्या मॅरेथॉनमधली 'ड्रीम रन' साधारण ६ किलोमीटरची असते आणि त्यात हजारो लोक चालत, गप्पा मारत अंतर पूर्ण करतात. नुसतं चाललं तरी ५ किलोमीटर तास-सव्वा तासात होतात. म्हणजे "आम्हाला धावता येत नाही" ही अडचणच उरत नाही.

फॉर्म भरण्याआधी मुलांच्या वयाची अट नीट वाचावी. प्रत्येक दौडीत ती वेगळी असते. पूर्ण मॅरेथॉनला १८ वर्षं पूर्ण लागतात. लहान मुलांना १ ते ३ किलोमीटरच्या पुढे नेऊ नये, आणि तेही त्यांना मजा येत असेल तरच.

फजर आणि दौडीची वेळ

जानेवारीच्या शेवटी मुंबईत फजरची वेळ सहाच्या आसपास सुरू होते आणि सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. विदर्भात हे सगळं वीस-पंचवीस मिनिटं आधी. छोट्या दौडी बहुतेक उजाडल्यावर सुरू होतात, त्यामुळे जमाअतसोबत फजर पढून आरामात पोहोचता येतं. खरं तर ज्या घरात फजरला उठायची सवय आहे, त्या घराची अर्धी तयारी झालेलीच असते.

मोठ्या मॅरेथॉनमध्ये लांब अंतरवाले अंधारातच, सुबह सादिकच्या आधी निघतात. अशा वेळी फजरची वेळ रस्त्यातच येते. घरातला कुणी २१ किंवा ४२ किलोमीटर धावणार असेल तर त्याने वुजू करून निघावं आणि थांबायची जागा आधीच पाहून ठेवावी. नमाजची पाच-सात मिनिटं गेली तर दौडीत फारसं काही बिघडत नाही. मसला विचारायचा असेल तर आधीच इमाम साहेबांना विचारून घ्यावा, त्या दिवशी रस्त्यात घोळ नको.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे काही वर्षी थंडीतल्या दौडी रोज्यांत येतील. त्या वर्षी दौड सोडावी आणि इफ्तारनंतर चालणं ठेवावं.

आठ आठवड्यांची तयारी

एकदम पळायला गेलं की गुडघा, पोटरी दुखते आणि माणूस कायमचा बसतो. म्हणून चालण्यापासून सुरुवात करायची. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास.

पहिले दोन आठवडे: फक्त झपझप चालणं.

तिसरा-चौथा आठवडा: १ मिनिट हळू धावणं, ३ मिनिटं चालणं, असं पुन्हा पुन्हा.

पाचवा-सहावा आठवडा: २ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं.

सातवा आठवडा: ४-५ मिनिटं धावणं, १-२ मिनिटं चालणं. एकदा तरी पूर्ण अंतर चालून-धावून पाहावं.

आठवा आठवडा: हलका सराव, शेवटचे दोन दिवस आराम.

वेग किती असावा? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. दादी-नाना फक्त चालणार असतील तरी चालेल, त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांचाच सराव चालू ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी सरासरी रोज ६० मिनिटं हालचाल करावी. वरच्या वेळापत्रकात मोठ्यांची १२० मिनिटं झाली. उरलेली अर्धा तास मस्जिदीपर्यंत, बाजारापर्यंत झपझप चालत जाऊन निघते.

कपडे, हिजाब आणि बूट

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात आधी विचारला जातो आणि त्याचं उत्तर सोपं आहे. सैल, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता किंवा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. दौडीत मिळणारा टी-शर्ट अर्ध्या बाह्यांचा असेल तर आतून पूर्ण बाह्यांचा घालावा. सुती कापड घामाने भिजून जड होतं आणि अंगाला चिकटतं, म्हणून लवकर वाळणारं खेळाचं कापड बरं. डोक्याला ताणला जाणारा, डोक्यातून घालायचा हिजाब घ्यावा. टाचण्या लावू नयेत, टोचतात आणि सुटतात. ज्या बुरखा घालून चालणार आहेत त्यांनी तो घोट्याच्या वर राहील आणि पायात येणार नाही एवढं पाहावं.

डोकं झाकून धावता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला सारा अत्तारबद्दल सांगावं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरेबियाची ही मुलगी डोकं आणि अंग झाकून ८०० मीटर धावली. ती शेवटी आली, तरी सगळं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहिलं होतं. आणि २०२४ मध्ये पॅरिसला महिलांची मॅरेथॉन जिंकलेली नेदरलँड्सची सिफान हसन सुवर्णपदक घ्यायला हिजाब घालून उभी राहिली.

खर्च करायचाच असेल तर तो बुटांवर करावा. बूट दौडीच्या किमान तीन आठवडे आधी घ्यावेत, त्याच दिवशी नवे घालू नयेत. अंगठ्यापुढे थोडी जागा असावी. मधुमेह असलेल्यांनी चप्पल किंवा अनवाणी अजिबात धावू नये. पायाला लागलेलं त्यांना लवकर कळत नाही आणि फोड चिघळतो.

खाणं आणि औषधं

आदल्या रात्री बिर्याणी नको. खिचडी, वरण-भात, चपाती-भाजी असं नेहमीचं, हलकं आणि लवकर खावं. सकाळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दोन-तीन खजूर किंवा एक केळं आणि ग्लासभर पाणी पुरे. पोटभर न्याहारी दौडीनंतर.

जे इन्सुलिन घेतात किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या, जसं ग्लिमेपिराइड, घेतात त्यांची साखर धावताना एकदम उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. त्यांनी सराव सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटून डोस विचारावा आणि खिशात ग्लुकोज पावडर किंवा खडीसाखर ठेवावी. चाळिशीच्या पुढचे, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेले, यांनीही आधी तपासून घ्यावं. छातीत दुखलं, दाटल्यासारखं झालं, दम जास्त लागला तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. लोक काय म्हणतील हा विचार तेव्हा करायचा नाही.

त्या सकाळी रस्त्यावर

छातीवरचा नंबर, ज्याला बिब म्हणतात, सगळ्यात वरच्या कपड्यावर समोर लावावा. त्यात वेळ मोजणारी चिप असते, दुमडू नये. त्याच्या मागे घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर लिहावा. मुलांच्या बिबवर तर नक्कीच.

सुरुवातीच्या रेषेवर मागे उभं राहावं. पुढे जोरात धावणारे असतात, त्यांच्यात मुलं सापडली तर पडतात. एका लहान मुलामागे एक मोठा माणूस, हे आधीच ठरवावं. संपल्यावर कुठे भेटायचं तेही ठरवावं, गर्दीत फोन लागतोच असं नाही. चालणाऱ्यांनी कडेने चालावं, पाच जणांनी हात धरून रस्ता अडवू नये. थांबायचं असेल तर एकदम न थांबता हात वर करून बाजूला व्हावं. पाणी कडेला होऊन, बसून, शांतपणे प्यावं, ग्लास डब्यात टाकावा.

आणि मुख्य गोष्ट, घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं. वेळ काय लागला हे नंतर कुणाला आठवत नाही. दादीने सगळ्यांसोबत रेषा ओलांडली, हे मात्र राहतं.

आपल्या दीनमध्ये धावणं

हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) स्वतः सांगतात की एका सफरीत त्या आणि पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही काळाने, अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर (सल्ल.) पुढे गेले आणि ही त्या वेळची परतफेड असं म्हणाले. नवरा-बायकोतली ही निखळ मजा हदीसमध्ये जपून ठेवलेली आहे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांची हकीकत आहे. मदिनेला परतताना एक अन्सारी "मदिनेपर्यंत कोण धावतो?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते. सलमांनी पैगंबरांची (सल्ल.) इजाजत घेतली आणि निघाले. एक-दोन चढांपर्यंत त्यांनी दम राखून ठेवला, मग वेग घेऊन त्यांना गाठलं आणि पुढे गेले. आज प्रशिक्षक नवख्यांना हेच शिकवतात की सुरुवातीला राखून धावा.

फी परवडत नसेल तर

मोठ्या दौडीची फी माणशी असते. पाच-सहा जणांच्या घराला ती जड जाते आणि तो पैसा घरात दहा ठिकाणी लागतो. त्यावर उपाय म्हणजे मोहल्ल्याची आपली दौड. २६ जानेवारीला फजरनंतर, चांगलं उजाडल्यावर, मस्जिदीजवळून निघायचं आणि जवळच्या शाळेच्या मैदानावर पोहोचायचं. तिथे झेंडावंदनाला सगळे हजर. अंतर ३ किलोमीटर पुरे, मोटारसायकलवरून किंवा फोनच्या नकाशावर मोजता येतं. झेंडावंदनाच्या किमान तासभर आधी निघालं तर चालणारेही वेळेत पोहोचतात.

यासाठी तीन-चार गोष्टी लागतात. पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत आधी अर्ज. शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी. वळणावळणावर उभी राहणारी दहा-बारा मुलं. मोहल्ल्यातले एखादे डॉक्टर आणि प्रथमोपचाराची पेटी. पाण्याला माठ आणि स्टीलचे ग्लास. वाहतुकीचा मोठा रस्ता टाळून आतला रस्ता घ्यावा. शेजारच्या वस्तीतल्या सगळ्या धर्मांच्या कुटुंबांनाही बोलवावं. बक्षीस पहिल्याला देण्यापेक्षा ज्या घरातून तीन पिढ्या आल्या त्या घराला द्यावं. मग बघा, किती दाद्या बाहेर पडतात.

दुसऱ्या दिवशी काय?

दौड एका सकाळची आहे, शुगर आणि गुडघे वर्षभराचे. म्हणून २७ तारखेला सुट्टी घेऊन २८ ला पुन्हा तेच चार दिवस, तोच अर्धा तास सुरू ठेवावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवसांवर खूण करायचं काम घरातल्या लहान मुलाला द्यावं. तो कुणाला चुकू देत नाही.

आणि आठवी-नववीतल्या मुलीला एवढंच विचारावं, "रविवारी फजरनंतर चलतेस का आमच्यासोबत?" पुढच्या वर्षी पी.टी.च्या तासाला ती भिंतीपाशी नको, मैदानावर दिसली पाहिजे. इन्शाअल्लाह दिसेल.