मुलाला धावण्याच्या वर्गात घालताय?

सुट्टी लागली, की गावोगावच्या मैदानांवर मुलांचे धावण्याचे वर्ग भरू लागतात. फी भरण्यापूर्वी आईवडिलांनी दोन सकाळी तिथे नुसते उभे राहून पाहावे. सर मुलांना पकडापकडी, लंगडी, छोट्या शर्यती खेळवतात, की सात-आठ वर्षांच्या पोरांनाही फेऱ्यांमागून फेऱ्या मारायला लावतात? टाच दुखते म्हणणाऱ्याला बसवतात, की ‘नाटकं करू नकोस’ म्हणून पिटाळतात? वाढत्या वयात टाचेचे हाड नाजूक असते. ते दुखणे बहुधा खरेच असते.

२००६ साली ओडिशातला चार वर्षांचा बुधिया सिंग पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावला. देशभर कौतुक झाले. पण वैद्यकीय तपासणीनंतर सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. कौतुक मोठ्यांचे, पाय मात्र मुलाचे!

मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे वर्गाला नाक मुरडण्याचेही कारण नाही. आठवड्यानंतर मूल आपणहून बूट चढवत असेल, तर खुशाल फी भरावी. रोज ओढून उठवावे लागत असेल, तर तोच तास घराजवळ डबाऐसपैस खेळण्यात जाऊ द्यावा. त्याला फी पडत नाही.