कानाने वाचणाऱ्यांसाठी

दृष्टिहीन माणूस संकेतस्थळ कानाने वाचतो. 'एनव्हीडीए'सारखा स्क्रीन रीडर (हा तर मोफत मिळतो) पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. अट एकच: तो खरोखर मजकूर असावा. आपल्याकडची गोम इथेच आहे. परिपत्रक छापायचं, शिक्का मारायचा, स्कॅन करून चढवायचं. स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र, म्हणजे जवळजवळ कोरं पान. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठीची तऱ्हा आणखी न्यारी. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्र तीच इमानेइतबारे बडबडतं. युनिकोडमधलं मराठी ते नीट वाचतं. फक्त पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद हवी.

फोटोला ओळभर वर्णन जोडावं. 'येथे क्लिक करा' असे दहा दुवे ओळीने ऐकून कुणाला काय कळणार? माउस बाजूला ठेवून, नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरून पाहावा. कुठे अडतं ते लगेच समजतं. ज्यांना अंधूक दिसतं त्यांच्यासाठी साध्या मजकुराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५:१ असावं, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिकट राखाडी अक्षरांची फॅशन तिथे नापास होते, आणि भर उन्हात मोबाइल धरलेल्या डोळस माणसालाही ती दिसत नाहीत.