चाक झाकले ते कपड्यांसाठी

१९३० नंतरच्या अमेरिकी आणि फ्रेंच मोटारींची छायाचित्रे पाहिली की मागचे चाक अर्धेअधिक पत्र्याआड गेलेले दिसते. या पत्र्याला फेंडर स्कर्ट म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चाकाच्या पोकळीत हवा शिरून घुटमळते आणि गाडीला मागे ओढते. पोकळी झाकली तर हवा अंगावरून सरळ निघून जाते. यात खोटे काही नाही. पॉल यारायसारख्या अभियंत्यांनी पहिल्या महायुद्धानंतर हाच विचार पुढे नेला आणि चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीने तो रस्त्यावर आणला. पण चाक झाकण्याची गरज हवेने निर्माण केली नाही. ती आधी चिखलाने आणि अंगावरच्या कपड्यांनी निर्माण केली. त्याचा जिवंत पुरावा नागपुरातल्या कुठल्याही चौकात, सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकलींच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाशी लावलेल्या ‘साडीगार्ड’च्या रूपात दिसतो.

कालक्रम पाहू. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात दोन सारख्या चाकांची सायकल स्त्रियांसाठी बनू लागली, तेव्हा पायघोळ झगा मागच्या आऱ्यांत अडकू नये म्हणून मडगार्डच्या कडेला भोके पाडून तिथून आसापर्यंत दोऱ्यांची जाळी विणली जाई. नेदरलँड्समधल्या रोजच्या वापराच्या सायकलींवर तसे आच्छादन आजही असते. मोटारीला वेगाचे वारे लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे मोटारीतही तेच घडले. १९३२ साली अमेरिकेत ग्रॅहम कंपनीची ‘ब्लू स्ट्रीक’ आली. एमॉस नॉर्थप यांनी तिच्या मडगार्डच्या कडा खाली ओढून घेतल्या आणि मडगार्डच्या पोटाला थापलेला चिखल नजरेआड केला. लगेचच इतर कंपन्यांनी त्यांची नक्कल केली. मागचे चाक झाकणारा सुटा पत्रा याच सुमारास रुळला. म्हणजे प्रवाही आकाराची हौस आली ती चिखल लपवण्याच्या सोयीच्या पाठोपाठ. यावर कोणी म्हणेल, शर्यतीच्या गाड्यांना कपड्यांची काळजी कशाला? खरे आहे. पण शर्यतीची गाडी हा अपवाद आहे. रोजच्या रस्त्यावरची वस्तू तिथल्या माणसांच्या गरजेवर टिकते, आणि ती गरज संपली की नाहीशी होते. मोटारीतून उतरणाऱ्याचे कपडे दारांनी आणि रुंद झालेल्या अंगाने आपोआप वाचू लागले, टायर बदलताना पत्रा आडवा येऊ लागला, आणि तो हळूहळू गेला. १९४९ च्या नॅश गाडीने तर पुढची चाकेही झाकली होती. ती गाडी वळवायला जास्त जागा लागे.

आपल्या विदर्भात तर चाक झाकणारा भरीव पत्रा मुळातच टिकला नसता, आणि त्याचे कारण काळी माती. कापसाची ही माती पाणी प्यायली की फुगते, चिकट होते आणि चाकाबरोबर वर चढते. चाक आणि मडगार्ड यांत बोटभर फट असेल तर ती भरून चाक जाम होते. पावसाळ्यात शेतरस्त्याने सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला काडीने माती खरवडावी लागते. अशा ठिकाणी बंदिस्त पत्रा म्हणजे चिखलाची पेटी. कपडे अडवायचे, पण माती अडू द्यायची नाही, या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवते ती जाळी. साडीगार्डला इथे पत्र्याऐवजी सळ्यांचे किंवा जाळीचे रूप का शोभते, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे.

साडीगार्डला फेंडर स्कर्टच्या पंगतीत बसवणे ओढूनताणून वाटेल. एक दिमाखासाठी, दुसरे सुरक्षेसाठी, असा आक्षेप घेता येईल. पण कायद्याची भाषा पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे संरक्षक साधन हवे, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. सायकलच्या दोऱ्यांच्या जाळीचा हेतू शंभर वर्षांनी भारतीय नियमात आला. त्याआधी आपल्याकडे हे काम स्कूटरच्या पोलादी अंगाने केले. १९४६ च्या व्हेस्पाचे शिल्पकार कोरादिनो द’आस्कानियो हे विमानविद्येचे अभियंते. तरीही चालवणाऱ्याचे कपडे घाण होऊ नयेत, हा त्यांच्या आराखड्यातला एक मुख्य विचार होता. त्याच घराण्याची बजाज ‘चेतक’ १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीत बनू लागली. तिच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर पत्र्यांमुळे साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून निर्धास्त बसू शकत होती. मोटारसायकलींनी चेतकला मागे टाकले तेव्हा चाक पुन्हा उघडे पडले.

आता बायका साडी कमी नेसतात, मग ही जाळी कशाला, असे विचारले जाते. पण ओढणी लांब असते आणि हलकी असल्याने वाऱ्यावर आधी उडते. लग्नसराईत नागपूरच्या सीताबर्डी, इतवारीतून डबलसीट जाणाऱ्या साड्याही काही कमी झालेल्या नाहीत. मागे बसलेल्या मुलाचा पाय आऱ्यांत जाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून नवी मोटारसायकल घेतल्याबरोबर ही जाळी काढून टाकणारे बरेच आहेत. तुमच्या गाडीची काढली असेल, तर ती पुन्हा बसवून घ्या.