पीएच मीटर: पाणी, दूध आणि माती

कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागराचं पाणी, डेअरीतलं दूध, शेतातली काळी माती... पीएच मीटर सगळीकडे चालतो, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

१९३४ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला हे यंत्र बनवलं. त्याच्या सेन्सरच्या टोकाचा काचेचा फुगा फार पातळ असतो. तो घासून पुसायचा नाही, टिश्यूने नुसता टिपायचा.

पाणी त्यातल्या त्यात सोपं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा.

ताजं दूध साधारण ६.६ ते ६.८ दाखवतं. मात्र त्यातली चरबी आणि प्रथिनं काचेवर थर धरतात, मग आकडा हळू सरकतो किंवा चुकतो. म्हणून सेन्सर लगेच धुवायचा. थर बसलाच तर पेप्सिनयुक्त क्लीनर वापरायचा.

मातीचा पीएच बघायला माती एक भाग, डिस्टिल्ड वॉटर अडीच भाग. ढवळून अर्धा तास ठेवायचं. सेन्सर कोरड्या किंवा घट्ट मातीत खुपसला, तर खड्यांनी काच ओरखडते.

रसायनांची गोष्ट वेगळी. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खातं, तिथे साधा सेन्सर नकोच. कॉस्टिक सोड्याजवळ हातमोजे आणि गॉगल हवेतच.

मोजणीआधी ७ आणि ४ किंवा १० पीएचच्या बफर द्रावणाने कॅलिब्रेशन. काम झाल्यावर टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण; डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलेला सेन्सर लवकर खराब होतो.